रोजनिशी निघाली बाजाराला

रोजनिशी लिहिणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात एक जानेवारीला प्रचंड वाढते आणि संक्रांतीपर्यंत पूर्ववत होते. विमा एजंटाने दिलेली, बँकेने दिलेली, खताच्या दुकानदाराने दिलेली अशा तीन डायऱ्या घरात येतात. पहिल्या पानावरचे नाव, पत्ता, रक्तगट, गाडीचा नंबर हे रकाने सुवाच्य अक्षरात भरले जातात. पुढची काही पानं ‘आज पहाटे उठून फिरून आलो’ने सुरू होतात, त्यापुढची नुसत्या ‘आज उठलो’ने, आणि मग दुधाचा हिशेब सुरू होतो. तो मात्र डिसेंबरपर्यंत एक दिवस चुकत नाही.

या गळतीतून जे उरतात ते खरे रोजनिशीवाले. असा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो आणि तो बहुधा निवृत्त शिक्षक असतो. रेवदंड्यात तो आहे असं धरून चालू. त्याला नुसतं मास्तर म्हणू. नाव द्यायला गेलं तर रेवदंडा, चौल आणि नागाव या तिन्ही गावांतले निवृत्त शिक्षक ‘हा मीच’ म्हणून भांडायला येतील, आणि लेख पुढे वाचल्यावर ‘हा मी नव्हेच’ म्हणून पुन्हा येतील. मास्तरांची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे, विहीर आहे, पडवीत झोपाळा आहे आणि कपाटात कित्येक वर्षांच्या वह्या आहेत. वह्यांतल्या नोंदी अशा: ‘नारळ काढायला माणूस आला नाही.’ ‘बोंबील महाग.’ ‘मुरूडची एसटी वेळेवर, कारण कळले नाही.’ ‘माणूस आजही आला नाही.’ आणि मास्तरांचं सर्वांत लाडकं वाक्य, ‘काही विशेष नाही.’ हे वाक्य शेकडो पानांवर एकटंच बसलेलं आहे. एखाद्या दिवशी खरोखरच काही विशेष घडलं, तर मास्तरांना लिहायला जागा पुरत नाही आणि नोंद समासात चढते.

मास्तरांचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. पुण्यात जपानी शिकण्याची हौस जुनी, आणि ज्यांना ती हौस असते ते पुढे जपानी कंपन्यांच्या कामावर लागतात. पुतण्या त्यांतला. दिवाळीला घरी आला असताना त्याने कपाट उघडलं, वहीच्या पाठीवर वाळवीची नक्षी पाहिली आणि म्हणाला, “काका, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या.” रेवदंड्याच्या खाऱ्या, ओल्या हवेत कागदाचं काय होतं हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुझी काकू वाचणार नाही ना?”

रोजनिशीच्या सॉफ्टवेअरची सगळी जाहिरात या एका प्रश्नावर उभी असते. पासवर्ड आहे, बोटाचा ठसा आहे, मजकूर कुलूपबंद आहे, तुमच्याशिवाय कोणालाही दिसणार नाही. आणि नेमकं याच सॉफ्टवेअरला थोड्या दिवसांनी एक जोड निघते, जिचं काम तेच लिखाण साऱ्या जगाला दाखवण्याचं असतं. एकाच कॉम्प्युटरवर एक कार्यक्रम शपथ घेतो की कोणाला सांगणार नाही आणि त्याला चिकटलेला दुसरा म्हणतो की कोणाला सोडणार नाही. ‘डे वन’ हे खासगी नोंदींसाठी नावाजलेलं ॲप जून २०२१ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने विकत घेतलं. या कंपनीचा मूळ धंदा वर्डप्रेस डॉट कॉम, म्हणजे लोकांचं लिहिणं चव्हाट्यावर मांडून देणं. कुलूपवाला आणि दवंडीवाला एकाच दुकानात बसू लागले, आणि गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुतण्याने निवडलं ते टीडायरी. हे जपानी सॉफ्टवेअर. तादाशी तादा यांनी २००१ साली ते रुबी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहायला घेतलं. रुबी भाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांची स्वतःची रोजनिशीही टीडायरीवर चालायची, त्यामुळे खानदान उत्तम. शिवाय रोजनिशी म्हटलं की जपानी माणसाला तिचं लपणं आणि दिसणं, दोन्हीची हजार वर्षांची सवय. दहाव्या शतकात की नो त्सुरायुकी नावाच्या एका सुभेदाराने परतीच्या प्रवासाची रोजनिशी लिहिली ती चक्क बाईच्या आवाजात. पुरुषाने अधिकृत चिनी ढंगातच लिहावं असा रिवाज असल्यामुळे त्याने ही पळवाट काढली. लोकांनी ओळखलं ते ओळखलंच. तेव्हा ब्लॉग हा शब्द जन्माला येण्याआधीच जपानात लोक इंटरनेटवर रोजनिशी लिहीत होते, यात नवल नाही.

टीडायरीचा संसार साधा आहे. एक फाईल दाखवते, एक फाईल लिहू देते, आणि लिहिलेला मजकूर महिन्याला एक अशा साध्या फाईलींत साठत जातो. एक दिवस, एक पान. डोक्यावर तारीख. मास्तरांना ही मांडणी फार पसंत पडली, कारण ती हुबेहूब विमा एजंटाच्या डायरीसारखी होती, फक्त पानांच्या तळाशी सुविचार नव्हते. जुन्या आवृत्त्यांची अक्षरव्यवस्था जपानी लिपीपुरती होती. तिच्यात देवनागरी घालायला गेलं की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहायची. पुढे युनिकोड आलं आणि ‘बोंबील महाग’ हे जपानी सॉफ्टवेअरमध्ये धडधडीत मराठीत दिसू लागलं.

वह्या टंकण्याचं काम मास्तरांनी फोनला बोलून करायचं ठरवलं. फोनला मराठी कळतं, पण रायगडचं मराठी त्याला आपल्या आवडीनुसार कळतं. ‘पोफळीला पाणी दिलं’ असं मास्तर स्पष्ट उच्चारात सांगत आणि फोन लिही, ‘पोपटीला पाणी दिलं’. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालून, भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या पोपटीवर पाणी ओतणारा इसम अलिबाग तालुक्यात जिवंत राहू शकत नाही. मास्तर पुन्हा सांगत. फोन पुन्हा पोपटी करी. एका पावसाळ्याची सगळी नोंद वाचली तर वाटावं की या घरात भर जुलैत रोज पोपटी लावली जात होती आणि रोज ती विझवली जात होती.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग पुतण्याने ‘ब्लॉगकिट’ काढलं.

ब्लॉगकिट ही टीडायरीची जोड. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं: रोजनिशीला ब्लॉग करणं. बसवायची रीतही तेवढीच सोपी. गठ्ठा उतरवून घ्यायचा, सोडायचा, त्यातल्या फाईली टीडायरीच्या ठरलेल्या फोल्डरांत टाकायच्या, आणि ‘टीडायरी डॉट कॉन्फ’ या फाईलमध्ये लेखनाच्या शैलीची जी ओळ आहे तिथे ‘ब्लॉग’ असं नोंदवायचं. पुतण्या पुण्याला परतला होता, म्हणून हे सगळं व्हिडिओ कॉलवर झालं. “काका, फोल्डर उघडा.” “उघडलं.” “काय दिसतंय?” “पंखा.” फोनचा कॅमेरा आढ्याकडे होता. मग वीज गेली. वीज आली तेव्हा मास्तर जेवायला बसले होते, आणि जेवणानंतर मास्तर झोपतात, हे पुतण्याला लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉन्फ फाईल उघडली. ही फाईल म्हणजे रुबी भाषेतला लहानसा कार्यक्रमच. तिच्यात ज्या ओळींच्या आरंभी जाळीसारखं चिन्ह असतं त्या ओळी माणसांसाठी असतात; कॉम्प्युटर त्यांच्याकडे बघत नाही. मास्तरांनी आयुष्यभर वह्या तपासल्या. ओळीच्या तोंडाशी विनाकारण जाळी काढलेली दिसल्यावर त्यांचा हात कसा स्वस्थ बसेल? त्यांनी फाईलभरची सगळी जाळीचिन्हं एकेक करून स्वच्छ पुसली, शेवटी जतनही केलं. इतकी वर्षं गप्प बसवलेल्या त्या इंग्रजी-जपानी सूचना एकदम आज्ञा म्हणून समोर आल्या आणि रुबीने हात टेकले. पडद्यावर चुकांची लांबलचक यादी उतरली. मास्तरांनी ती वाचून पुतण्याला कळवलं, “अरे, तुझ्या जपान्यांना इंग्रजी येत नाही.”

दुरुस्ती झाली. ब्लॉगकिट बसलं. आणि खरी अडचण तेव्हा कळली.

रोजनिशीचं पान तारखेवर उभं असतं. ब्लॉगचं पान शीर्षकावर. जोड बसली की तारीख बाजूला सरकते, आणि तिच्या जागी ठळक अक्षरांत शीर्षक येऊन बसतं. आता ‘काही विशेष नाही’ या नोंदीला शीर्षक काय द्यायचं? मास्तरांनी प्रथम ‘काही विशेष नाही’ हेच शीर्षक दिलं आणि खाली तेच वाक्य लिहिलं. दोनदा लिहिल्यामुळे त्या दिवशी खरोखरच काहीतरी घडलं असावं आणि ते दडपलं जातंय असा वास येऊ लागला. मग ‘एक शांत दिवस’ करून पाहिलं. ते एखाद्या कवितासंग्रहाचं नाव वाटलं. पुतण्याने सुचवलं, “‘रेवदंड्याच्या निवांत सकाळी’ द्या. लोकांना आवडतं.” मास्तर म्हणाले, “त्या दिवशी विहिरीचा पंप जळला होता.” “मग काही विशेष नाही असं का लिहिलंत?” “त्या महिन्यात तो रोजच जळत होता.”

शीर्षकाबरोबर वर्गवारी आली. प्रत्येक नोंद कुठल्या तरी खणात टाकायची. मास्तरांनी वाडी, मासळी, एसटी, प्रकृती, नातेवाईक असे खण केले. पहिले चार बिनबोभाट भरले. पाचव्यात नोंदी इतक्या झाल्या की तो खण जगाला दाखवायचा म्हणजे पुढच्या लग्नसराईत जेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. सॉफ्टवेअरला हा प्रश्न पडत नाही. त्याला जुनी नोंद आणि नवी नोंद सारखीच. जोड चालू केली की भाऊबंदकी आणि बोंबील दोन्ही एकाच पाटीत बाजाराला निघतात.

मास्तरांची मुख्य तक्रार मात्र तारखेची होती. तारीख मागे गेली तर रोजनिशी कसली, असं ते झोपाळ्यावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत. यावर त्यांना उत्तर द्यायला त्यांच्याच गावचा एक साक्षीदार हजर आहे. रेवदंड्याचं नाव जगात ज्या प्रवासनोंदींमुळे गेलं, त्यांच्या लेखकाला आपण कोणत्या तारखेला जगतोय याचाच पत्ता नव्हता.

तो अफनासी निकितीन. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या आगेमागे होर्मुझहून जहाजात एक घोडा घालून तो चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी हा गृहस्थ इथे चिखल तुडवत होता. आज रेवदंड्यात त्याच्या नावाचा काळा स्मारकस्तंभ आहे. तो उतरला ते चौल, आणि स्तंभ रेवदंड्यात, यावर चौलकर मंडळी काय म्हणतात ते त्यांनाच विचारावं. दोन्ही गावांच्या वाड्या एकमेकींत अशा शिरल्यात की पाहुण्याला सीमा समजत नाही आणि गावकरी ती विसरत नाहीत.

निकितीनचं सामान व्होल्गाच्या मुखाशी, अस्त्रखानजवळ लुटलं गेलं. त्यात त्याची धर्मपुस्तकं गेली, आणि पुस्तकांबरोबर सणवारांचा हिशेब गेला. ईस्टर कधी, उपास कधी, काही कळेना. मग तो अंदाजाने उपास धरी आणि अंदाजाने सोडी, आणि ही खंत वहीत पुन्हा पुन्हा येते. बाकी नोंदी मात्र मास्तरांना शोभतील अशा. लोक उघड्या अंगाने फिरतात, डोक्यावर काही घेत नाहीत. मी जिथे जातो तिथे माझ्यामागे गर्दी होते, गोऱ्या माणसाचं यांना नवल वाटतं. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आज एखादा परदेशी उतरला तर मागे फिरणाऱ्यांच्या हातात फोन असतो, एवढाच बदल.

घोड्यांचं त्याने फार बारकाईने लिहिलंय. इथे घोडे पैदा होत नाहीत, बाहेरून आणावे लागतात. त्यांना चणे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात. पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वी कोकण-घाटमाथ्यावरच्या खिचडीची नोंद एका रशियन माणसाने केली, आणि ती केली घोड्यांच्या आहारात. चौलहून पालीला पोहोचायला त्याला आठ दिवस लागले. ही नोंद वाचून मुंबई-गोवा महामार्गाचे नेहमीचे प्रवासी आश्चर्य दाखवत नाहीत. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर सोन्याची नाणीही, मुदत चार दिवस. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. अशा दिवशी मास्तरांची नोंद नक्की समासात चढली असती.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. निकितीनला आपली वही कोणीतरी वाचणार याची पुसटशी शंका असावी, कारण काही जागी तो रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी यांच्या बाजारी मिश्रणात लिहू लागतो. बायकांचे भाव त्या मिश्रणात. प्रार्थना त्या मिश्रणात. आणि एका ठिकाणी, रशियासारखा देश नाही पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, ही तक्रारही त्याच मिश्रणात. देव, देह आणि सरकार: या तीन विषयांवर बोलायचं तर भाषा बदलावी, हे त्याला कोणत्याही सॉफ्टवेअरने शिकवलं नव्हतं. आजचा मराठी माणूसही घरात पगाराचा आकडा सांगताना आपोआप इंग्रजीत शिरतो.

निकितीन घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या, १४७५ मध्ये त्या ग्रँड प्रिन्सच्या दरबारातल्या वासिली मामिरेव या कारकुनाच्या हाती पडल्या आणि तिथून बखरीत उतरल्या. मग तीनशेहून अधिक वर्षं त्या मठांत आणि दप्तरांत धूळ खात पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांना त्या सापडल्या, १८२१ मध्ये छापल्या गेल्या. रोजनिशी जगासमोर यायला जोड लागतेच. इथे ती जोड म्हणजे व्यापारी, कारकून, मठ आणि इतिहासकार अशी चार भागांत आली, आणि चारही भाग एकमेकांशी जुळायला साडेतीन शतकं गेली. ब्लॉगकिटला त्यामानाने कमी वेळ लागला असं पुतण्याने मास्तरांना समजावलं.

त्याच सुमारास इंग्लंडात दुसरी एक वही उघडली जात होती. सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेली रोजनिशी केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पडून होती. जॉन स्मिथ नावाच्या माणसाने १८१९ पासून तीन वर्षं खपून ती उलगडली, आणि १८२५ मध्ये ती निवडक स्वरूपात छापली गेली. ज्या पद्धतीची लघुलिपी होती तिचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात, म्हणजे त्याच इमारतीत होतं. स्मिथला कोणी सांगितलं नाही. कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्याची पद्धत फक्त कोकणात आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

खुद्द रायगड जिल्ह्यातही जोड लावण्याचा एक थोर प्रयोग झालेला आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार अशी बातमी होती. यज्ञ राहिला बाजूला, भटजी बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन गावी परतले. ही हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढली. ती छापून आली १९०७ मध्ये, भटजी गेल्यानंतर. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही ठिकाणी कात्री लावली. भटजींचा मूळ मजकूर वाचकांना मिळाला १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी तो प्रसिद्ध केल्यावर. म्हणजे ‘माझा प्रवास’ आधी शैली बदलून दिसला आणि साठ वर्षांनी कोणीतरी कॉन्फ फाईलमधली ओळ पूर्ववत केली. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मूळ मजकुराची चव जास्त भावते. नीटनेटकेपणाने भटजींच्या लिहिण्यातला घाम पुसला गेला होता.

मास्तरांच्या बाबतीत वैद्यांची भूमिका पुतण्याकडे आली आणि त्याने ती उत्साहाने केली. ‘बोंबील महाग’ला त्याने ‘किनाऱ्यावरची चव आणि बदलता काळ’ असं शीर्षक दिलं. मास्तरांनी ते खोडून पुन्हा ‘बोंबील महाग’ केलं. इथे लेखकाचं मत मास्तरांच्या बाजूने पडतं. कारण त्या नोंदींत जी एक खरोखर मोठी नोंद आहे, तिला शीर्षकाची गरज पडली नाही. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. त्या दिवशी कॉम्प्युटर कुठला नि फोन कुठला; मास्तरांनी बॅटरीच्या उजेडात वहीतच लिहिलं. किती माड आडवे, किती पोफळी गेल्या, पडवीचे पत्रे कोणाच्या वाडीत सापडले. हिशेबाच्या अक्षरात, विशेषणाशिवाय. त्यानंतर ओळीने कितीतरी दिवस दोनच शब्द: ‘वीज नाही.’ ब्लॉगकिटमध्ये या नोंदी टाकताना पुतण्याने त्यांच्यासाठी ‘वीज नाही’ असा वेगळा खण केला, आणि आज सर्वांत जास्त वाचला जाणारा खण तोच आहे. वाचणाऱ्यांत मुंबईला गेलेले पुष्कळ रेवदंडेकर आहेत. ते आपापल्या वाडीचा उल्लेख शोधतात.

खरं तर नोंद ठेवून ती निःसंकोच जगाला देण्याचं उत्तम उदाहरण इथून जवळच, अलिबागला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ती वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवली गेली. तेव्हापासून ती पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजनिशी लिहिते आहे आणि ते आकडे जगभरचे शास्त्रज्ञ वाचतात. पृथ्वीला भाऊबंद नाहीत, हा तिचा फायदा.

निकितीनच्या वह्यांना तर पुढे आणखी एक जोड लागली. १९५७ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघाने मिळून त्यांच्यावर सिनेमा काढला, ‘परदेसी’. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन दिग्दर्शक, ओलेग स्त्रिझेनोव निकितीन, अनिल विश्वासांचं संगीत. नोंदींत घोडा, मिरी, जकात आणि चुकलेले उपास; सिनेमात नर्गिस. हे मास्तरांना कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारलं, “आपल्या नोंदींचं असं काही करता येतं का?” काकू आतून म्हणाल्या, “आधी नारळ काढायला माणूस बघा.”

नातेवाइकांच्या खणाचा प्रश्न शेवटी निकितीनच्याच मार्गाने सुटला. मास्तरांना मोडी येते. पेशव्यांची रोजकीर्द ज्या लिपीत लिहिली जायची ती मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली दाखल झाली आहे, पण तिचा फॉन्ट सगळ्याच फोनांत असतो असं नाही. मास्तरांनी नोंदीतला नाजूक भाग मोडीत टाकायला सुरुवात केली. त्यांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं नीट दिसतात. बाकी जगाला त्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसते. ‘चुलतभाऊ सकाळी आला होता,’ आणि पुढे अडीच ओळी नुसते चौकोन.

ही युक्ती अचूक चालली, म्हणजे ज्या कामासाठी केली त्याच्या नेमकं उलट. मासळीचे भाव कोणी वाचेना, एसटीचं वेळापत्रक वाचेना. जो तो चौकोन मोजू लागला. आपल्यावर किती ओळी आणि धाकट्या भावावर किती, याची तुलना बाजारात होऊ लागली. ज्यांचा मास्तरांशी चार वर्षांत संबंध आला नव्हता ते मुद्दाम येऊन पडवीत बसून, चहा घेऊन गेले आणि रात्री आपला चौकोन पडला का ते पाहू लागले. चुलतभावाने एके दिवशी अंगणातूनच विचारलं, “दादा, त्या अडीच ओळींत आहे तरी काय?” मास्तर म्हणाले, “काही विशेष नाही.” चुलतभाऊ तडक अलिबागला गेला आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग इकडे कधी निघणार, याची चौकशी करून आला.